नोकरी गेली, आता स्वतःचं काहीतरी करायचंय: आधी कागद, मग पैसे, आणि वेबसाइटवाली कंपनी निवडायची ती त्याच्यानंतर

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने साधारण २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या वर माणसं कमी करणार असं सांगितलं आणि तेव्हापासून पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा विषय काही थांबलेला नाही. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, कुठेही विचारा, ओळखीत एक तरी जण घरी बसलेला सापडतो. आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं गणित एकसारखं असतं: फुल अँड फायनलचे पैसे आले, पुढच्याच महिन्यात "आता परत कोणाची चाकरी नाही" म्हणून कंपनी काढली, लोगो, व्हिजिटिंग कार्ड, वेबसाइट, सोशल मीडियाचं पॅकेज, आणि पहिलं गिऱ्हाईक मिळायच्या आधी लाख-दीड लाख गेले. स्वतःचं करणं चुकीचं नाही हो, पण क्रम चुकतो. वेबसाइट सगळ्यात शेवटी येते, आणि ती आली की मग वेब डिझाइनवाल्याला तितकंच तपासून घ्यायचं जितकं एचआरने तुम्हाला चार राउंड घेऊन तपासलं होतं.

मीटिंग रूममधून बाहेर पडायच्या आधी

"राजीनामा दे, नाहीतर टर्मिनेट करावं लागेल, रेकॉर्ड खराब होईल" हे वाक्य ऐकायला मिळेल. लगेच सही करू नका. एक दिवस मागा, आणि जे तोंडी सांगतायत ते मेलवर मागा. राजीनामा दिला की कागदावर तुम्ही स्वतःहून गेलात असं होतं, मग कपातीची भरपाई मागायची तर हात बांधले जातात, आणि लोनसोबत जॉब लॉसचं इन्शुरन्स गळ्यात मारलेलं असेल तर तेही सहसा राजीनाम्याला लागू होत नाही. तरीपण पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या भीतीने बरेच जण राजीनामाच देतात, त्याला नावं ठेवायचं कारण नाही, पण मग फुकट देऊ नका. नोटीस पिरियडचा पूर्ण पगार, वरती दोन-तीन महिन्यांचा पगार, ग्रुप मेडिक्लेम अजून काही महिने चालू, हे मागायची वेळ सहीच्या आधी असते, नंतर एचआर फोन उचलत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यातल्या वेतन संहितेत लिहिलंय की कामावरून काढलं, कपात केली किंवा राजीनामा दिला तरी थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. आधी ४५ दिवस लटकवत ठेवायची जी पद्धत होती तिच्यावर आता निदान बोट ठेवता येतं. कपातीची भरपाई मात्र कायद्यात "कामगार" या व्याख्येत बसणाऱ्यालाच मिळते, मॅनेजर लोक त्यात बसत नाहीत, आणि तुमच्या पदाचं नाव काय यापेक्षा तुम्ही प्रत्यक्ष काम काय करत होतात हे तिथे बघतात, म्हणून नुसतं "लीड" लिहिलंय म्हणून आपण बाहेर असं घरबसल्या ठरवू नका, कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा भेटा.

कागद कोणते घ्यायचे? रिलीव्हिंग लेटर, एक्सपिरियन्स लेटर, सगळ्या पे स्लिपा (तीन महिन्यांच्या नाही, मिळतील तितक्या), फॉर्म १६, ग्रुप पॉलिसीचं कार्ड आणि सर्टिफिकेट, अप्रेझलची पत्रं. पोर्टलचा लॉगिन दुपारी चालू असतो आणि संध्याकाळी बंद होतो, त्यामुळे पे स्लिपा आजच उतरवून ठेवा. कंपनीचा कोड, क्लायंटची यादी, एक्सेल शीट वगैरे स्वतःच्या जीमेलवर पाठवायचा मोह आवरा, त्यांना पैसे अडवायला तेवढंच कारण पुरतं. आणि कुठल्याही बँकेत, डीमॅटमध्ये, आधारला ऑफिसचा ईमेल दिलेला असेल तर तो बदला, ओटीपी तिकडे जायला लागला की फार मनस्ताप होतो.

पैशांचं

ग्रॅच्युइटी बरेच जण विसरतात. सलग ५ वर्षं झाली असतील तर ती तुमची आहे, काढलं म्हणून जात नाही. हिशोब सोपा: शेवटचं बेसिक अधिक डीए म्हणजे महागाई भत्ता (नव्या संहितेत बाकीचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भागही यात धरतात), गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. बेसिक ६० हजार आणि ७ वर्षं असतील तर साधारण २ लाख ४२ हजार होतात, आणि शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांच्या वर झाले असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. सेटलमेंटच्या शीटवर हा आकडा वेगळा दिसला पाहिजे, "एक्स ग्रेशिया"मध्ये (कंपनी स्वखुशीने देते ती रक्कम) मिसळून टाकलेला असेल तर वेगळा करून मागा, करासाठीसुद्धा फरक पडतो.

पीएफला शक्यतो हात लावू नका. आधी नियम असा होता की नोकरी सुटून एक महिना झाला की ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी बाकीचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने ठरवलं की ७५ टक्के लगेच आणि पूर्ण रक्कम १२ महिने बेकार राहिल्यावर, तेव्हा क्लेम टाकताना पोर्टलवर त्या दिवशी काय दाखवतंय ते वाचूनच टाका. एकूण नोकरी ५ वर्षांपेक्षा कमी असेल तर काढलेल्या रकमेवर सहसा कर लागतो, पण जुन्या कंपनीचा पीएफ ट्रान्सफर केलेला असेल तर ती वर्षंही धरतात, म्हणून काढायच्या आधी जुने सगळे खाते एकाच यूएएनखाली (पीएफचा कायमचा नंबर) आलेत का बघा. आणि कंपनीने "डेट ऑफ एक्झिट" टाकली का तेही बघा, नसेल टाकली तर शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाल्यावर स्वतः टाकता येते.

मेडिक्लेमचं मात्र घाईचं आहे. ऑफिसचं कव्हर बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवसाबरोबर संपतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, वेटिंग पिरियडचा फायदाही सोबत येतो, पण अर्ज कव्हर चालू असतानाच करायचा. नवीन घेतलीत तर पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही आणि आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटी नाही, त्यामुळे मागे कधी कोटेशन घेतलं असेल तर परत काढा.

ईएमआय हुकायच्या आधी बँकेत जा, हुकल्यावर नाही. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत कर्जाच्या यादीत, जातं आणि मग बोलणी करायची ताकद संपते, त्याच्या आधी मुदत वाढवून हप्ता कमी करणं वगैरे निदान बोलता तरी येतं. एसआयपी थांबवा, त्यात कमीपणा नाही. क्रेडिट कार्डवर "मिनिमम ड्यू" भरत राहू नका, महिन्याला ३-३.५ टक्के म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज होतं, त्यापेक्षा सोनं तारण परवडलं. आणि सॅलरी अकाउंटमध्ये तीन-एक महिने पगार आला नाही की बँक ते साधं सेव्हिंग्ज करून टाकते आणि काही बँकांत मिनिमम बॅलन्सचा दंड लागायला लागतो.

ज्यांचा पगार २१ हजारांच्या आत होता आणि ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापलं जायचं, त्यांनी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना बघा, योजना चालू असेल आणि अटींत बसलात तर ९० दिवसांपर्यंत सरासरी रोजाच्या निम्मी रक्कम मिळते. आयटीवाल्यांना याचा उपयोग नाही पण ऑफिसातल्या हाउसकीपिंगच्या, सिक्युरिटीच्या लोकांनाही त्याच लाटेत काढतात, त्यांना कोणीतरी सांगा.

घरी सांगा. रोज सकाळी डबा घेऊन बाणेरच्या कॅफेत बसून संध्याकाळी परत येणारी माणसं खरंच आहेत, आणि तो ताण नोकरी गेल्याच्या ताणापेक्षा वाईट असतो. आईबाबांना आकडे सांगायची गरज नाही, पण नवराबायकोने एका कागदावर महिन्याचा खर्च आणि हातातले पैसे लिहून किती महिने निघतात ते काढायचंच. झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि "ऑफर लेटरसाठी फी भरा" म्हणणाऱ्याला दारातही उभं करू नका, पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

मग आता स्वतःचं

उदाहरण घेऊन बोलूया म्हणजे हवेत राहणार नाही. समजा तुम्ही १२ वर्षं पेरोल सांभाळलंत आणि आता भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांना पेरोल, पीएफ, ईएसआयसीचं काम करून द्यायचंय. पहिलं गिऱ्हाईक कुठून येणार? ओळखीच्या सीएकडून, जुन्या व्हेंडरकडून, एमआयडीसीत प्रत्यक्ष चक्कर मारून. वेबसाइटवरून नाही. पहिल्या दोन-तीन गिऱ्हाइकांपर्यंत गुगलवरचं फुकट बिझनेस प्रोफाइल, व्हॉट्सअॅप बिझनेस आणि स्वतःच्या डोमेनवरचा (साइटच्या नावाचा, म्हणजे पत्त्याचा) ईमेल एवढं पुरतं. गुमास्तासाठी (दुकान-आस्थापना नोंदणी) २० पेक्षा कमी माणसं असतील तर ऑनलाइन नुसती सूचना द्यायची असते, उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे (पैसे मागणाऱ्या साइट सरकारी नसतात), व्यवसाय कराचं वर्षाला २,५०० रुपये, आणि सेवा देत असाल तर २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. झालं, दुकान उघडलं.

वेबसाइट लागते ती दुसऱ्या टप्प्याला, म्हणजे कार्ड दिल्यावर कारखानदाराचा मुलगा जेव्हा तुमचं नाव गुगल करतो तेव्हा. तो बघणार की हा माणूस खरा आहे का, काय करतो, फोन नंबर कुठाय. बस. त्यासाठी पाच पानांची साइट भरपूर झाली, आणि हे ठरवूनच वेबवाल्याकडे जायचं, कारण तुम्ही न ठरवता गेलात तर तो ठरवतो आणि मग चॅटबॉट, अॅनिमेशन, ब्लॉग, अॅप असं करत कोटेशन दीड लाखावर जातं.

आधी एक पानभर लिहा: गिऱ्हाईक कोण, साइटवर येऊन त्याने काय करावं (फोन? फॉर्म? पेमेंट?), पानं कोणती, मराठी-इंग्रजी दोन्ही का, फोटो आणि मजकूर कोण देणार, वर्षभरात बदल किती होतील. हेच पान तीन-चार जणांना पाठवा, एखादा एकटा फ्रीलान्सर, एखादी पाच-दहा माणसांची एजन्सी. तेच पान गेलं तरच कोटेशनची तुलना होते, नाहीतर एकाच्या १५ हजारांत होस्टिंग (साइट ठेवायच्या सर्व्हरचं भाडं) धरलेलं असतं आणि दुसऱ्याच्या ४० हजारांत नसतं.

पोर्टफोलिओ बघताना स्क्रीनशॉटवर जाऊ नका, साइट उघडा, मोबाइलवर, वायफाय बंद करून. निम्म्या लिंका मेलेल्या निघाल्या तर तिथेच कळतं. गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाकला की मुख्य मजकूर दिसायला किती वेळ लागतो ते फुकट कळतं, गुगलच्या हिशोबात अडीच सेकंदांच्या आत असेल तर चांगलं. मग त्यांच्या जुन्या दोन गिऱ्हाइकांना फोन करा, आणि "काम कसं होतं" असं विचारू नका, सगळे चांगलंच म्हणतात. विचारा की साइट झाल्यानंतर फोन नंबर बदलायचा होता तेव्हा किती दिवस लागले आणि किती पैसे घेतले. उत्तराआधी जो उसासा येतो त्यात सगळं आलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जिथे लोक हमखास अडकतात: डोमेन कोणाच्या नावावर? डोमेन स्वतः घ्या, स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या कार्डाने. वर्षाला हजाराच्या आसपासचा खर्च आहे, आणि पहिल्या वर्षाची "९९ रुपये" ऑफर बघून घेताना दुसऱ्या वर्षाचा रिन्यूअलचा दर आधी बघा. "सर आम्ही घेऊन देतो, फ्री आहे पॅकेजमध्ये" म्हटलं की नम्रपणे नाही म्हणा. एजन्सीच्या खात्यात असलेलं डोमेन म्हणजे दुकान तुमचं आणि पाटीची मालकी पेंटरची, भांडण झालं की तुमचा ईमेलसुद्धा बंद. होस्टिंगही स्वतःच्या नावावर घ्या आणि त्यांना वेगळा लॉगिन द्या, काम संपलं की काढून घेता येतो. गुगल सर्च कन्सोल (साइट शोधात कशी दिसते ते दाखवतं), अॅनालिटिक्स, बिझनेस प्रोफाइल, तिन्हीचे मालक तुम्ही, ते फक्त वापरकर्ते.

कशात बनवतायत ते विचारा. जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरवर आहेत, त्यामुळे हा वेबवाला गायब झाला तरी दुसरा मिळतो. स्वतःचं "खास सीएमएस" (साइटमधला मजकूर बदलायची प्रणाली) वापरणाऱ्याकडे पाच पानांसाठी जाऊ नका, त्याच्याशिवाय कोणाला ते उघडता येत नाही. वर्डप्रेसवाला असेल तर थीम (साइटचा तयार साचा) आणि प्लगइनचं (वरून जोडायच्या सोयी) लायसन्स कोणाच्या नावावर, हेही विचारा. चोरीची, "नल्ड" थीम टाकून पैसे वाचवणारे आहेत, आणि अशा थीममध्ये बऱ्याचदा व्हायरस भरूनच येतो, मग सहा महिन्यांनी तुमची पेरोलची साइट उघडली की जुगाराची जाहिरात. एसएसएलचे (पत्त्याच्या आधी कुलूप दाखवणारं सुरक्षा सर्टिफिकेट) वेगळे दोन-तीन हजार लावत असतील तर कशाचे ते विचारा, लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट असतं आणि चांगल्या होस्टिंगवर आपोआप लागतं.

"गुगलच्या पहिल्या पानावर गॅरंटीड" म्हणणारा असेल तर चहा पिऊन निघा. गुगल स्वतःच सांगतं की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही.

मराठीत पान हवं असेल (भोसरीतल्या वर्कशॉपवाल्याला ते आवडतं, माझं तरी असं मत आहे) तर एक भानगड आधीच मिटवा. तुमचं ब्रोशर डीटीपीवाल्याने श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं असेल तर तो मजकूर साइटवर चिकटवला की अक्षरांचा भुगा होतो. मजकूर युनिकोडमध्येच द्या, म्हणजे मोबाइलवर टाइप होतं तशा मराठीत. फॉन्टसाठी मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट आणि वाचायला स्वच्छ, आणि डिझाइनमध्ये "कर्मचारी", "व्यवस्थापन" असे शब्द टाकून जोडाक्षरं, रफार, वेलांटी वरच्या ओळीला कापली जात नाहीत ना ते मोबाइलवर बघा. बरेच डिझायनर सगळं डिझाइन इंग्रजीत करतात आणि शेवटी मराठी भरतात, मग मेनू फुटतो.

ॲग्रीमेंट नको, विश्वास आहे, असं दोन्हीकडून होतं. निदान दोन पानं तरी लिहून सही घ्या, कारण यात कायद्याची एक मेख आहे: आपल्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या कोडचा हक्क नुसते पैसे दिले म्हणून तुमचा होत नाही, तो लेखी लिहून द्यावा लागतो. आणि लिहिताना मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत असं धरतात. म्हणून एक वाक्य टाकाच की पूर्ण पैसे मिळाल्यावर डिझाइन, मजकूर आणि या कामासाठी लिहिलेला कोड यांचे सगळे हक्क कायमचे आणि जगभरासाठी तुमचे. वर्डप्रेस किंवा विकत घेतलेली थीम यात येणार नाही, तेवढं समजून घ्या. फोटो कुठून घेतले हेही लिहून घ्या, गुगल इमेजमधून उचललेल्या फोटोची नोटीस साइटच्या मालकाला येते.

पैसे टप्प्याने: सुरुवातीला ३० टक्के, डिझाइन पसंत पडल्यावर ३०, साइट टेस्ट लिंकवर पूर्ण चालल्यावर ३०, आणि सगळे पासवर्ड हातात आल्यावर शेवटचे १०. ते शेवटचे १० टक्के फार कामाचे असतात. १०० टक्के आधी मागणारा नको, आणि "झाल्यावर द्या" म्हणणाराही नको, त्याचं काम कधीच होत नाही. कोटेशनवर १८ टक्के जीएसटी धरलाय का विचारा, तुम्ही स्वतः जीएसटीत नसाल तर तो परत मिळत नाही. बदल किती वेळा फुकट, ते आकड्यात लिहा. तारीख लिहा, आणि खरं सांगायचं तर उशीर बऱ्याचदा आपल्याकडूनच होतो, "मजकूर देतो देतो" म्हणत महिना जातो, तेव्हा मजकूर आधी तयार ठेवा.

वर्षाच्या मेंटेनन्सच्या नावाखाली नेमकं काय मिळतं ते विचारा. बॅकअप, प्लगइन अपडेट, महिन्याला अमुक तास बदल, असं असेल तर पैसे योग्य. नुसतं "सपोर्ट" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ फोन उचलतील, कदाचित. फॉर्ममधून लोकांचे नंबर, कामगारांची माहिती घेणार असाल तर प्रायव्हसीचं पान लागेल, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय, आणि पेरोलच्या धंद्यात तर आधार-पॅन साइटच्या फॉर्मवर मागूच नका.

ताबा घ्यायच्या दिवशी त्यांच्यासमोर बसून हे करा: डोमेन, होस्टिंग, वर्डप्रेस, तिन्हीत स्वतः लॉगिन करून पासवर्ड बदला, एका पानावरचा फोन नंबर स्वतः बदलून बघा, फॉर्म भरून मेल तुमच्या इनबॉक्समध्ये येतो का स्पॅममध्ये ते बघा, पूर्ण बॅकअप उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या. मग डोमेनच्या खात्यात जाऊन ऑटो-रिन्यूअल चालू आहे का आणि तिथे कोणतं कार्ड जोडलंय ते बघा. सॅलरी अकाउंटचं जुनं डेबिट कार्ड असेल तर आत्ताच बदला.